वाचकांचे प्रश्न : खिडक्या बदलायच्या, पण कुठल्या आणि कशासाठी?

खिडक्यांविषयीचे काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत किमती दिलेल्या नाहीत. किती युनिट वीज वाचेल ते सांगितलं आहे. आपल्या बिलावरचा दर त्याला लावला की ज्याचा त्याचा हिशेब निघतो.

प्रश्न : पश्चिमेकडची खोली दुपारी तीननंतर भट्टीसारखी तापते. खिडकी दीड मीटर रुंद, १.२ मीटर उंच, साधी ५ मिमी काच, ॲल्युमिनियमची स्लायडिंग. दुहेरी काच बसवली तर एसीचं बिल निम्म्यावर येईल असं विक्रेता सांगतो. खरं का?

उत्तर : निम्म्याचं सोडाच, साध्या दुहेरी काचेनं या खोलीत फरक जाणवला तरी पुष्कळ झालं. दुहेरी काच अडवते ती तापमानातल्या फरकामुळे झिरपणारी उष्णता. तुमचा त्रास उन्हाचा आहे, आणि ऊन दोन काचांतूनही जवळजवळ तसंच आत येतं.

आकडे मांडून पाहू. खिडकीचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. ऐन दुपारी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडतं असं धरू. त्यातला किती भाग उष्णता म्हणून आत येतो, हे सांगणारा आकडा म्हणजे एसएचजीसी. साध्या ५ मिमी काचेचा तो ०.८३च्या आसपास असतो. म्हणजे १.८ × ६०० × ०.८३, जवळपास ९०० वॅट. खिडकीत छोटा हीटर लावून ठेवल्यासारखंच झालं. झिरपणारी उष्णता मोजतात यू-व्हॅल्यूनं, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट झिरपतात ते. आकडा जितका कमी तितकं चांगलं. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू ५.७. बाहेर ३८ अंश आणि आत २६ असेल तर १.८ × ५.७ × १२ = १२३ वॅट. दोन्ही मिळून हजाराच्या थोडं वर.

आता पर्याय. ५ मिमी काच, १२ मिमी हवा, ५ मिमी काच अशा साध्या दुहेरी काचेचा एसएचजीसी ०.७४ आणि यू-व्हॅल्यू २.८ धरली, तर एकूण उष्णता ८६० वॅट भरते. घट जेमतेम सोळा टक्के. ऊन परतवणारा लो-ई थर, म्हणजे उष्णता माघारी पाठवणारा धातूचा अतिशय पातळ लेप, असलेली दुहेरी काच घेतली, एसएचजीसी ०.३५ आणि यू-व्हॅल्यू १.६, तर ४१५ वॅटच्या आसपास. आणि काच आहे तीच ठेवून बाहेरून पाऊण ऊन अडवणारा पडदा लावला, तर ३५० वॅट! या खिडकीपुरता तरी बाहेरचा पडदा महागड्या काचेच्या पुढे जातो.

रोज चार तास, वर्षाला १२० दिवस असं ऊन धरा. एसी एक युनिट वीज खाऊन साधारण तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो, म्हणून वाचलेल्या उष्णतेला तीननं भागायचं. वर्षाला साध्या दुहेरी काचेनं २५ युनिट, लो-ई काचेनं ९७ आणि बाहेरच्या पडद्यानं १०७ युनिट वाचतात. कोटेशनच्या रकमेला या वार्षिक बचतीच्या रकमेनं भागा, किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. ढगाळ दिवस यात धरलेले नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं कमीच वाचेल.

पश्चिमेचं ऊन तिरपं, जवळजवळ समोरून येतं. वर आडवा छज्जा वाढवून काही होत नाही. गुंडाळता येणारा बांबूचा किंवा जाळीदार कापडाचा पडदा बाहेरून सोडा आणि काचेपासून ५ ते १० सेंटिमीटर लांब ठेवा. वरची बाजू बंद करू नका, मधली तापलेली हवा तिथूनच निघून जाते. खालची दोन टोकं बांधायची सोय हवीच, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात पडदा काचेवर आपटत बसेल.

प्रश्न : बाहेरून काही लावायला सोसायटीची परवानगी नाही. आतून जाड पडदा किंवा काचेवर फिल्म चालेल?

उत्तर : आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचलं म्हणजे उष्णता घरात आलेलीच असते. पडदा फक्त त्यातलं थोडं ऊन काचेतून माघारी पाठवतो. त्यासाठी तो काचेच्या बाजूनं पांढरा हवा आणि काचेला जवळ हवा. गडद, जाड पडदा स्वतःच तापून रेडिएटर होतो.

फिल्म अधिक कामाची. ऊन परतवणाऱ्या चांगल्या फिल्मनं साध्या काचेचा एसएचजीसी ०.४५पर्यंत खाली येतो. वरच्याच खिडकीत हे ६१० वॅटच्या आसपास बसतं, म्हणजे चाळीस टक्के घट. मात्र गडद, ऊन शोषून घेणारी फिल्म साध्या काचेवर लावू नका. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते, आणि कापताना कडेला बारीक टवका उडाला असेल तर तिथूनच तडा जातो. अर्ध्या काचेवर सावली पडत असेल तर धोका आणखी वाढतो. दुहेरी काचेवर फिल्म लावायची असेल तर काच बनवणाऱ्याला आधी विचारा, कारण त्यानं अनेकदा हमी रद्द होते.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळा कडक, चार-पाच महिने हीटर लागतो. वरचाच सल्ला आम्हालाही लागू का?

उत्तर : नाही, तुमचा हिशेब जवळजवळ उलटा आहे. तुम्हाला ऊन हवंय आणि झिरपणारी उष्णता रोखायचीय. इथे दुहेरी काच खरोखर कमाई करते.

सूत्र सोपं आहे. खिडकीचं क्षेत्रफळ × यू-व्हॅल्यूतला फरक × हीटिंग डिग्री डे × ०.०२४ = वर्षाला वाचणारी उष्णता, युनिटमध्ये. डिग्री डे म्हणजे घर ऊबदार राहायला बाहेर किती अंश कमी पडतात, त्याची दिवसागणिक बेरीज. हवामानखात्याच्या नोंदींवरून ती काढता येते. १.८ चौरस मीटरची एकेरी काच, यू ५.७, काढून १.४ची लो-ई दुहेरी काच बसवली आणि डिग्री डे २५०० असले, तर १.८ × ४.३ × २५०० × ०.०२४ = सुमारे ४६४ युनिट उष्णता. साधा कॉइलचा हीटर असेल तर वीजही तेवढीच वाचते. हीट पंप, म्हणजे उलटा चालून बाहेरची उष्णता आत आणणारा एसी, असेल तर साधारण एक तृतीयांश. म्हणजे ज्याच्याकडे गरम करायचं यंत्र आधीच चांगलं आहे, त्याची काच तिप्पट वर्षांनी वसूल होते. कोटेशन देणारा हे सहसा बोलत नाही.

पैशात न मावणारा एक फायदा याच आकड्यांत दडलेला आहे. बाहेर शून्य अंश आणि आत २० असताना एकेरी काचेची आतली बाजू ५ अंशांवर असते, साध्या दुहेरीची १२ ते १३, लो-ईची १६च्या वर. खिडकीजवळ बसलं की पाठीला गारठा लागतो तो या थंड काचेचा. ती ऊबदार झाली की खोलीचं तापमान एखादा अंश कमी ठेवूनही चालतं.

बजेट कमी असेल तर आहे त्या खिडकीच्या आतून दुसरी पारदर्शक तावदानं बसवता येतात. कड नीट सीलबंद केली तर साध्या काचेनंही साध्या दुहेरी काचेच्या जवळ जाता येतं. फक्त ती तावदानं उघडून पुसता आली पाहिजेत.

प्रश्न : दुहेरी काच बसवून सहा वर्षं झाली. आता काचेवर बाष्प धरतं. काच खराब झाली का?

उत्तर : बाष्प कुठे धरतं त्यावर आहे. बोटानं पुसून बघा.

आतून पुसलं जात असेल तर दोष काचेचा नाही, घरातल्या दमटपणाचा आहे. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच. कपडे घरात वाळत घालणं थांबवा, स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा.

बाहेरून पुसलं जात असेल तर खुशाल राहू द्या. बाहेरची काच आतल्या उष्णतेनं तापत नाही, म्हणून पहाटे तिच्यावर दव पडतं. काच नीट काम करतेय एवढाच त्याचा अर्थ. दमट हवेत रात्रभर एसी चालला तरी हेच होतं.

दोन्हीकडून पुसलं जात नसेल तर मात्र सील गेलंय. दोन काचांमधल्या स्पेसरपट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. सीलमधून बाष्प आत शिरत राहिलं की एक दिवस दाणे तृप्त होतात आणि आत धुकं दिसायला लागतं. भोक पाडून, हवा मारून ते साफ करून देणारे भेटतात. तात्पुरतं दिसायला बरं, पण सील गेलेलंच राहतं आणि थोड्याच दिवसांत धुकं परत येतं. अख्खी खिडकी बदलू नका. बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढून फक्त काचेचं युनिट त्याच मापाचं मागवा.

नवं बसवण्याआधी जुनं का गेलं ते पाहायला हवं. काच काढल्यावर खालच्या खोबणीत पाणी साचलेलं दिसलं तर कारण तिथेच आहे. काचेखाली प्लास्टिकचे ठोकळे हवेत, म्हणजे तिची कड पाण्यात बसत नाही. आणि खालच्या पट्टीतली निचऱ्याची भोकं मोकळी हवीत. पुष्कळदा कारागीर ‘पाणी येऊ नये म्हणून’ तीच सिलिकॉननं बुजवून टाकतो, आणि पावसाचं पाणी महिनोन्‌महिने सीलला चाटत राहतं.

प्रश्न : जुन्या चौकटी ठेवून फक्त काच दुहेरी करता येईल का?

उत्तर : दोन गोष्टी मोजा, खोबणीची खोली आणि झडपेचं वजन.

५-१२-५चं युनिट २२ मिमी जाड असतं. जुन्या ॲल्युमिनियम स्लायडिंगची खोबण ४ ते ६ मिमीच्या काचेसाठी केलेली असते, तिथे हे बसतच नाही. मग कारागीर मधली पोकळी ६ मिमीवर आणायला सुचवतो. पोकळी अरुंद झाली की यू-व्हॅल्यू बिघडते. हवेसाठी १२ ते १६ मिमी योग्य. त्याहून रुंद करूनही उपयोग नाही, आत हवा फिरायला लागते. लाकडी चौकटीत मात्र खाच खोल करून, पुढून नवी बीडिंग मारून युनिट बसवता येतं, चौकट कुजलेली नसेल तर. टोच्या घ्या आणि खालच्या कोपऱ्यात दाबून बघा. सहज घुसला तर काचेवर खर्च करू नका.

वजनाचा हिशेब असा : काच दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटर अडीच किलो. ०.९ चौरस मीटरच्या झडपेत ५ मिमीची एकेरी काच ११ किलोच्या आसपास, दुहेरी साडेबावीस. जुने रोलर किंवा बिजागऱ्या तेवढ्या वजनाच्या नसतील तर झडप खाली बसते, कुलूप जुळेनासं होतं आणि वरच्या बाजूला फट पडते. म्हणजे काच सुधारली आणि वारा वाढला.

प्रश्न : तीन कोटेशन आली आहेत. एकानं यू-व्हॅल्यू १.१ लिहिली आहे, दुसऱ्यानं १.८, तिसऱ्यानं काहीच नाही. तुलना कशी करायची?

उत्तर : पहिला प्रश्न दोघांनाही एकच विचारा : हा आकडा काचेच्या मधल्या भागाचा की चौकटीसकट अख्ख्या खिडकीचा? १.१ हा बहुधा नुसत्या काचेचा असतो. ती काच साध्या ॲल्युमिनियममध्ये बसवली, चौकटीनं खिडकीचा पाव भाग व्यापला आणि तिची यू-व्हॅल्यू ६.५ असली, तर ०.७५ × १.१ + ०.२५ × ६.५ म्हणजे २.४५. काचेच्या कडेचं नुकसान धरलं की अडीचच्याही वर. अख्ख्या खिडकीचा १.८ लिहिणारा दुसरा विक्रेता यात केव्हाही सरस. ॲल्युमिनियम उष्णता पळवण्यात पटाईत असतं, यूपीव्हीसी आणि लाकूड नाही. ॲल्युमिनियमच हवं असेल तर आतली आणि बाहेरची बाजू पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या पट्टीनं तोडलेली, थर्मल ब्रेकची चौकट मागा.

कोटेशनवर एवढं लेखी हवं : अख्ख्या खिडकीची यू-व्हॅल्यू, एसएचजीसी, उजेड किती टक्के आत येतो, काचांची जाडी, पोकळी, आत हवा की अरगॉन वायू, लो-ई थर कितव्या पृष्ठावर, आणि सीलची हमी किती वर्षांची. उजेडाचा आकडा विसरू नका. ऊन अडवायच्या नादात काळसर काच घेतली तर भरदुपारी दिवे लावावे लागतात.

पृष्ठं बाहेरून मोजतात : बाहेरच्या काचेची बाहेरची बाजू पहिली, आतल्या काचेची खोलीकडची चौथी. गरम हवेत लो-ई दुसऱ्या पृष्ठावर, थंड हवेत तिसऱ्यावर. उलटी बसली तर यू-व्हॅल्यू तीच राहते, पण एसएचजीसी बदलतो. बसवून झाल्यावर संध्याकाळी खोलीत उभं राहून पेटता लायटर काचेजवळ, थोडा तिरका धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, तोच लो-ई थर. तुमच्याकडून मोजताना तिसरं रंगीत असेल तर थर दुसऱ्या पृष्ठावर आहे. एकही रंगीत दिसलं नाही तर उरलेले पैसे देण्याआधी बोलून घ्या.

तिसरं कोटेशन बाजूला ठेवा.

प्रश्न : काच ठीक आहे, पण फटींतून वारा येतो. नुसत्या फटी बुजवून काम भागेल?

उत्तर : बऱ्याच घरांत हेच सर्वांत आधी करावं, कारण खर्च किरकोळ असतो. दारं-खिडक्या लावून घ्या, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा सुरू करा आणि अगरबत्ती खिडकीच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे खूण करा.

उघडझाप करणाऱ्या झडपेत कागद धरून ती बंद करा. कागद सहज ओढता आला तर त्या जागी गास्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, दबत नाही. बिजागरी किंवा कुलपाची कड घट्ट करून बघा, तरी नाहीच तर गास्केट बदला. स्लायडिंगमध्ये फट असते ती दोन झडपा एकमेकींवर येतात तिथे आणि ट्रॅकमध्ये. तिथली वूल पाइल, म्हणजे ब्रशसारखी पट्टी, काही वर्षांत चपटी होते. जुनी खोबणीतून ओढून काढा, त्याच पायाची नवी सरकवा. उंची फटीपेक्षा मिलिमीटरभर जास्त पुरते. खूप उंच घेतली तर खिडकी दोन्ही हातांनी ढकलावी लागेल. एवढं करूनही स्लायडिंग कधीच उघडझाप खिडकीइतकी घट्ट होत नाही.

चौकट आणि भिंत यांच्यातली फट वेगळी. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, नवं त्याच्यावर धरत नाही. फट रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी आत दाबा आणि वर सीलंट भरा, रुंदीच्या निम्म्या खोलीचं. दोरी नसली तर सीलंट मागच्या भिंतीलाही चिकटतं, चौकट उन्हात हलली की ताण घेता येत नाही आणि मधोमध फाटतं.

एक खबरदारी मात्र टाळू नका. घरात गॅस गिझर किंवा ज्योतीवर चालणारं कुठलंही उपकरण असेल तर त्या खोलीची हवेशीर जाळी बुजवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : रस्त्याच्या आवाजासाठी दुहेरी काच घ्यावी का? विजेच्या बचतीत तो फायदा कसा धरायचा?

उत्तर : युनिटांत धरू नका, तो वेगळा हिशेब आहे. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच स्वराला थरथरतात, म्हणून ४-१२-४ची काच आवाजाच्या बाबतीत ६ मिमीच्या एकेरी काचेहून फारशी सरस ठरत नाही. जाडी वेगवेगळी घ्या, ६ आणि ४, आणि त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली. तिच्यातला हा पीव्हीबीचा थर अतिनील किरणंही जवळजवळ पूर्ण अडवतो, त्यामुळे कापडाचे रंग उडणं कमी होतं. आधी फटी मात्र बुजवाच, हवा जाते तिथून आवाजही येतो.

प्रश्न : सात खिडक्या एकदम बदलल्या तर घसघशीत सवलत मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : सात खिडक्यांचा एकच आकडा धरला की चांगल्या खिडकीच्या आड वाईट खिडकी लपते. प्रत्येकीचा हिशेब वेगळा मांडा. पश्चिमेच्या खिडकीत लो-ई काच वर्षाला ९७ युनिट वाचवते असं वर आलं. तेवढीच खिडकी, थेट ऊन न येणाऱ्या बाजूला, फक्त रात्री आठ तास एसी चालणाऱ्या खोलीत असेल आणि बाहेर-आत फरक चार अंशांचाच असेल तर? १.८ × ४.१ × ४, म्हणजे तीस वॅटही नाही. १२० रात्रींत एसीची नऊ-दहा युनिट. सवलत निम्म्याची असली तरी ही खिडकी विजेच्या बचतीतून वसूल व्हायची नाही.

याला एक अपवाद आहे. एखादी चौकट कुजली असेल किंवा रोलर-बिजागऱ्या दुरुस्तीपलीकडे गेल्या असतील, तर ती बदलणं भागच आहे. तिथे सगळी किंमत बचतीच्या अंगावर टाकू नका. साधी नवी खिडकी आणि चांगली नवी खिडकी यांतला जो फरक, तेवढाच वसूल व्हायचा असतो, आणि तो बऱ्याचदा थोडक्या वर्षांत होतो. सातांपैकी अशा किती आहेत ते मोजून विक्रेत्याकडे तेवढ्यांचंच कोटेशन नव्यानं मागा.